बूट वाजेपर्यंत

नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस, कल्याणला उतरून ठाण्यापर्यंत लोकल, ठाण्याच्या दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्सहार्बरची गाडी आणि शेवटी वाशी स्थानकाबाहेरून रिक्षा, हा प्रवास मी या पावसाळ्यात ओळीने सहा शनिवार केला. माझ्या ताईचा मुलगा एका छोट्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये खेळत होता. ताईला घर सोडणे शक्य नव्हते आणि परक्या गावात त्याचा खेळ पाहायला घरचे कोणीतरी असावे, असे आम्हा दोघींना वाटत होते. लीगचे आणि क्रीडागृहाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात तक्रार आहे आणि त्याच लीगमध्ये अजून अनेक मुलांना खेळायचे आहे.

सहा संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, म्हणजे पाच शनिवार-रविवारांत तीस सामने आणि सहाव्या आठवड्याअखेर उपांत्य व अंतिम सामने, अशी आखणी होती. सगळे सामने वाशीतल्या एकाच बंदिस्त क्रीडागृहात व्हायचे. संघांना शहरांची नावे दिलेली होती, परंतु भाच्याच्या संघाला ज्या शहराचे नाव होते त्या शहरात तो आजवर कधी गेलेला नाही. संपूर्ण मोसमाचे मानधन ४०,००० रुपये ठरले होते. राहण्याची सोय एका लॉजमध्ये, एका खोलीत चौघे, अशी होती, आणि ओले बूट वाळत घालायला त्यांना खिडकीच्या गजांखेरीज जागा नव्हती.

आपल्याकडे बास्केटबॉलवर पोट भरते ते लीगमुळे नव्हे, नोकरीमुळे. रेल्वे, सेनादले, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक अशा संस्थांचे संघ वर्षानुवर्षे राष्ट्रीय पातळीवर खेळत आले आहेत आणि चांगल्या खेळाडूचे खरे ध्येय त्यांतल्या एखाद्या ठिकाणी खेळाडू म्हणून भरती होणे हेच असते. भारताचा बास्केटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच खेळला, १९८० साली मॉस्कोला. २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला एनबीएच्या डॅलस मॅव्हरिक्सने ५२व्या क्रमांकावर निवडले तेव्हा माझा भाचा अकरा वर्षांचा होता आणि वर्तमानपत्रातले ते छायाचित्र त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. त्याच वर्षी युनायटेड बास्केटबॉल अलायन्स ही आठ संघांची लीग सुरू झाली. तिच्यात ‘पुणे पेशवाज’ नावाचा संघ आहे हे कळल्यावर त्याने आपले भवितव्य ठरवूनच टाकले होते. ती लीग काही मोसमांनंतर बंद पडली. पुढे २०२२ मध्ये महासंघाच्या मान्यतेने इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली, त्यात मुंबई टायटन्स होते, चेन्नई हीटने विजेतेपद मिळवले, पण तिथपर्यंत पोहोचायला भाचा तेव्हा लहान होता. म्हणून ही छोटी लीग, आणि म्हणून मी पंचवटीत.

प्रवासाबद्दल सांगायचे तर कसाऱ्याच्या घाटात पाऊस पाहायला मिळतो तेवढ्यासाठीसुद्धा ही गाडी पकडावी असे माझे मत आहे. ठाण्याहून पुढचा रस्ता मला त्याहून आवडू लागला. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे असे करत गाडी एका बाजूला पारसिकचा हिरवा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत ठेवून जाते. तुर्भ्याला बाजार समितीजवळ पावसात भिजलेल्या कांद्याचा वास डब्यात शिरला की आमच्या निफाड-लासलगावचा माल माझ्याआधी इथे पोहोचला आहे, असे वाटून परकेपणा थोडा कमी होई. मुक्कामाला मी ठाण्यात नौपाड्याला मावसबहिणीकडे असे. शनिवारचे सामने संपवून मी रात्री अकराला पोहोचले तरी ती वरणभातावर तूप वाढून माझ्यासमोर बसायची आणि कोण जिंकले हे विचारण्याआधी पोरगा जेवला का, हे विचारायची. पाहुणचार म्हणजे काय हे मला नौपाड्यात नव्याने कळले. मामलेदारची मिसळ मात्र एकदाच खाल्ली, कारण मिसळीच्या बाबतीत माझी निष्ठा नाशिकशी आहे.

पहिले तीन आठवडे सांगण्यासारखे नाहीत. संघ सहापैकी दोन सामने जिंकला, भाचा राखीव खेळाडूंच्या बाकावरून उठून सुरुवातीच्या पाच जणांत आला आणि प्रेक्षकांची संख्या मी कधी शंभरापलीकडे गेलेली पाहिली नाही. याच नवी मुंबईत, नेरुळच्या स्टेडियममध्ये, २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला तरी खच्चून भरलेले प्रेक्षागृह जागचे हलले नव्हते. तेव्हा या शहराला खेळाची आवड नाही, असे मी कदापि म्हणणार नाही. फक्त आमच्या क्रीडागृहाच्या दारावर त्या दिवशी कोण खेळत आहे, हे सांगणारी साधी पाटीसुद्धा नव्हती.

चौथ्या रविवारी जे घडले त्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

त्या दिवशी सकाळपासून कोसळणारा पाऊस होता. भाच्याने मला न्याहारीच्या वेळी फोन करून सांगितले होते, की सप्टेंबरात ज्या सार्वजनिक उपक्रमाच्या संघाची निवड चाचणी आहे, तिथले निवड पाहणारे गृहस्थ आज दुपारचा सामना बघायला येणार आहेत. मी त्यांना लगेच ओळखले. पांढरा शर्ट, मांडीवर वही, आणि चेंडू कोणाकडेही असला तरी नजर चेंडू नसलेल्या खेळाडूंच्या पायांवर. भाचा पॉइंट गार्ड आहे, म्हणजे चेंडू वर आणून खेळ लावून देणे हे त्याचे काम. चोवीस सेकंदांच्या आत बास्केटकडे चेंडू फेकला गेलाच पाहिजे, आणि त्या चोवीस सेकंदांत इतर चौघांना कुठे उभे करायचे हे त्याने ठरवायचे असते. तो त्या दिवशी फार सुंदर खेळत होता. चौथ्या क्वार्टरची तीन मिनिटे चाळीस सेकंद उरली असताना ६१-५८ अशी आघाडी आमच्याकडे होती, आणि नेमके तेव्हा छतातून पाणी ठिबकू लागले.

ठिबक पडत होती ती बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात, फ्री थ्रोच्या रेषेपासून हातभर आत. सगळे जण धावत येऊन, उडी मारून, एका पायावर खाली उतरतात ती हीच जागा. पंचांनी शिटी फुंकली. फरशी पुसण्यासाठी ठेवलेली दोन शाळकरी मुले मॉप घेऊन धावली. पण मॉप एवढा भिजला, की तो फिरवल्यावर लाकडावर पाण्याचा पातळ चकचकीत थर राहायचा. मग खेळाडूंचे टॉवेल आले, उपाहारगृहातल्या बाईंनी गोणपाट आणले, कोणीतरी बादली आणली, आणि अर्धा तास दोन्ही संघांची धिप्पाड मुले गुडघ्यांवर बसून शेजारीशेजारी फरशी पुसत राहिली.

कोरड्या लाकडी फरशीवर बास्केटबॉलचा बूट टाच न उचलता फिरवला की चुंई असा बारीक, कर्कश आवाज येतो. ज्यांनी हा खेळ पाहिला आहे त्यांच्या कानांत तो आवाज कायमचा असतो. फरशी ओली असेल तर आवाज येत नाही, पाय नुसता सरकतो. प्रतिस्पर्धी संघाचा कर्णधार चौतिशीचा, साताऱ्याकडचा, सरकारी नोकरीत असलेला माणूस होता. दर पाच मिनिटांनी तो त्या जागी जाऊन उजवा बूट फिरवायचा, आणि त्या वेळी सगळे क्रीडागृह गप्प होऊन ऐकायचे. बूट वाजत नव्हता.

साडेचारच्या सुमारास आयोजकांपैकी एक जण पंचांशी बोलू लागला. पुढचा सामना खोळंबला होता, थेट प्रक्षेपणाची वेळ ठरलेली होती. “एवढ्याने काही होत नाही, मुलांना सांभाळून खेळायला सांगा,” हे वाक्य मी पहिल्या रांगेतून स्पष्ट ऐकले. माझे लक्ष त्याच क्षणी त्या पांढऱ्या शर्टाकडे गेले. गृहस्थ घड्याळ बघत होते. पाच वाजता त्यांना निघायचे आहे हे मला भाच्याने आधीच सांगितले होते.

मी बोलायला हवे होते. मी स्वतः कॉलेजच्या संघात चार वर्षे खेळले आहे. धावता धावता पाय सरकला की गुडघ्यातला अस्थिबंध तुटू शकतो, शस्त्रक्रियेनंतर परत उभे राहायला नऊ-नऊ महिने जातात आणि परतलेला खेळाडू पूर्वीचा राहीलच असे नाही, हे मला तिथल्या बहुतेकांपेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही माझ्या मनात त्या वेळी एकच विचार होता, की आता लगेच सामना सुरू व्हावा, ती उरलेली तीन मिनिटे चाळीस सेकंद त्या वहीत उतरावीत आणि पोराची नोकरी पक्की व्हावी. मी गप्प बसले. भाच्याने माझ्याकडे पाहिले तेव्हा मी मान हलवून त्याला ‘खेळ’ अशी खूण केली. ताईला हे मी अजून सांगितलेले नाही.

कर्णधार पंचांसमोर जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज अजिबात चढला नाही. “सर, माझी नोकरी पक्की आहे. या पोरांची लागायची आहे,” तो म्हणाला, “एकाचा जरी गुडघा गेला, तर त्याच्या घरी तुम्ही जाणार आहात का? बूट वाजेपर्यंत आम्ही उतरत नाही. आम्हाला हरलो असे द्यायचे असेल तर द्या.” त्याचा संघ तीन गुणांनी मागे होता आणि उपांत्य फेरी गाठण्यासाठी त्याला तो सामना जिंकणे आवश्यक होते. सामना सोडून देण्यात त्याचे नुकसान माझ्या भाच्यापेक्षा पुष्कळ मोठे होते. एवढे बोलून तो परत गुडघ्यांवर बसला आणि पुसू लागला. त्यानंतर मात्र मला वर बसवेना. मी खाली उतरले, पिशवीतला माझा पंचा काढला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याने मला फक्त एवढेच सांगितले, “ताई, चोळू नका. दाबून धरा, पाणी पंच्यात येऊ द्या.”

पाच वाजता पांढरा शर्ट उठून गेला. भाच्याने त्यांना जाताना पाहिले आणि मान खाली घालून पुसत राहिला. पाऊस कमी झाला, ठिबक थांबली, आणि पाच वाजून वीस मिनिटांनी कर्णधाराने बूट फिरवला तेव्हा तो वाजला. मूठभर प्रेक्षकांनी जो टाळ्यांचा गजर केला तसा त्या मोसमात कोणत्याही बास्केटला झाला नव्हता. उरलेल्या तीन मिनिटे चाळीस सेकंदांत आम्ही हरलो. ६६-६५. कर्णधाराने शेवटचे दोन्ही फ्री थ्रो त्याच ओल्या जागेच्या काठावर उभे राहून घातले.

त्या रात्री परतीची पंचवटी अर्थातच चुकली. ठाणे स्थानकापर्यंत भाचा मला सोडायला आला. गाडीत तो बराच वेळ बोलला नाही आणि घणसोलीला म्हणाला, “मावशी, तू मला खेळ म्हणालीस ना, मी खेळलो असतो गं.” यावर मला उत्तर सुचले नाही आणि आजही सुचत नाही.

पाचव्या आठवड्याअखेरीस आमच्या संघाचे आव्हान संपले, दहा सामन्यांत चार विजय. ठरलेल्या मानधनातले निम्मे पैसे अजून आलेले नाहीत. दर सोमवारी फोन करायचा आणि ‘पुढच्या आठवड्यात’ हे उत्तर ऐकायचे, असा क्रम सुरू आहे. खेळाडूंना पैसे वेळेवर देता येत नसतील आणि छताची डागडुजी पावसाळ्याआधी करता येत नसेल तर लीग भर पावसाळ्यात कशासाठी घेतात, हा प्रश्न मी आयोजकांना लेखी विचारला आहे. भाच्याच्या खेळाची चित्रफीत त्याच्या प्रशिक्षकांनी त्या गृहस्थांकडे पाठवली आहे. चाचणी सप्टेंबरातच आहे.

सहाव्या शनिवारी भाचा घरी होता, तरीही मी पंचवटी पकडली. कर्णधाराचा संघ उपांत्य फेरीत होता आणि मला तो सामना पाहायचाच होता. नाशिकच्या मेनरोडवरून मी आठ सुती पंचे घेतले होते आणि कोरे कापड पाणी नीट ओढत नाही म्हणून दोन-दोनदा धुऊन आणले होते. ते मी मॉपवाल्या मुलांच्या हाती दिले. चोळायचे नाही, दाबून धरायचे, हेही सांगितले. मुले म्हणाली, त्यांना ठाऊक आहे, दादांनी शिकवले आहे. रविवारी अंतिम सामन्याच्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच जागी पुन्हा पाणी आले. दोन्ही मुले पंचे घेऊन धावली. पंचांनी या वेळी कोणाची वाट पाहिली नाही, स्वतः चालत गेले, बूट फिरवला आणि हात वर करून कर्णधाराला ऐकू आले का, असे खुणेने विचारले. त्याने मान हलवली. नाही. मुले पुन्हा पुसायला बसली.