वर्ख कुठे थांबला होता

अथेन्समधील कलाकृती-संवर्धनाच्या एका खासगी कार्यशाळेत मी काम करीत असताना एका संग्राहकाने ग्रीसच्या क्रीट बेटावरचे एक आयकॉन, म्हणजे लाकडी फळीवर रंगविलेले पूजेचे चित्र, आमच्याकडे पाठविले. जेमतेम हातभर उंचीच्या लाकडी फळीवर, सोनेरी पार्श्वभूमीवर, बाळ येशूला कडेवर घेतलेली मरियामाता आणि तिच्या शेजारी तपकिरी झग्यातले असिसीचे संत फ्रान्सिस. सोबतच्या पत्रातली मागणी स्पष्ट होती : फ्रान्सिसची आकृती इटालियन धाटणीची आहे, म्हणजे ती नंतर कोणीतरी रंगविली असणार, ती काढून टाकावी आणि मूळ बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक ख्रिस्ती परंपरेतले, चित्र मोकळे करावे.

ही शंका निराधार नव्हती. मरियेचा चेहरा जुन्या परंपरेतला होता : तळाशी हिरवट-तपकिरी थर, त्यावर उजळत नेलेली गव्हाळ त्वचा आणि गालाच्या उंचवट्यावर केसाइतक्या बारीक पांढऱ्या रेघा. फ्रान्सिसच्या चेहऱ्यावर मात्र अशी एकही रेघ नव्हती. गुलाबी आणि करड्या छटा एकमेकींत अलगद मिसळल्या होत्या. शिवाय 1226 साली वारलेले हे संत रोमन चर्चचे. बायझंटाइन परंपरा ज्याची, ते पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स चर्च त्यांना संतपद देत नाही.

अतिनील प्रकाशात नंतरची डागडुजी गडद दिसते. तशी ती कडेला थोडी दिसली, फ्रान्सिसवर नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर रंगाचे तडे सोन्यातून त्याच्या झग्यात सलग गेलेले होते आणि तड्यांत वरचा रंग कुठेही झिरपलेला नव्हता. तरीही निर्णायक पुरावा मिळाला तो वर्खातून. वर्ख लावण्यापूर्वी हे चित्रकार आकृत्यांच्या बाह्यरेषा पांढऱ्या लेपात टोकदार हत्याराने कोरून घेत आणि वर्ख त्या रेषांपर्यंतच बसवीत. रंगाखाली सोने घालणे म्हणजे पैसा वाया घालवणेच होते. फ्रान्सिस नंतर आला असता, तर त्याच्या झग्याखाली वर्ख असायला हवा होता. क्ष-किरणांच्या साहाय्याने आम्ही झग्यावर ठिकठिकाणी तपासणी केली, पण सोने कुठेच सापडले नाही. वर्ख फ्रान्सिसच्या कोरलेल्या बाह्यरेषेपाशी जितका नेमका थांबला होता, तितकाच मरियेच्याही. म्हणजे पहिल्या दिवसापासून चित्रकाराने त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती.

क्रीटचा इतिहास पाहता यात नवल वाटू नये. तेराव्या शतकापासून 1669पर्यंत हे बेट व्हेनिसच्या ताब्यात होते, आणि कॅंडिया, म्हणजे आजचे इराक्लिओ, हे त्याचे मुख्य शहर होते. 1453मध्ये बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टॅंटिनोपल तुर्कांच्या हाती पडल्यावर तर आयकॉनचा व्यापार इथेच एकवटला. 1499 साली दोन व्यापाऱ्यांनी इथल्या तीन चित्रकारांकडे मरियेची 700 आयकॉन मागविली. त्यांपैकी 500 लॅटिन, म्हणजे पाश्चात्त्य, धाटणीची आणि 200 ग्रीक धाटणीची हवी होती. क्रीटचा चित्रकार आंद्रेआस रित्झोस याने तर येशूच्या नावाच्या अक्षरांत केलेल्या चित्रात, एकाच अक्षराच्या वळणात, पाताळात उतरणारा बायझंटाइन येशू आणि थडग्यातून उठणारा पाश्चात्त्य येशू असे दोन्ही बसविले आहेत. पुढे एल ग्रेको म्हणून जगाला माहीत झालेला दोमेनिकोस थिओटोकोपुलोस 1541मध्ये याच कॅंडियात जन्मला. अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयातल्या त्याच्या आयकॉनमध्ये संत लूक मरियेचे चित्र काढीत आहेत. त्या चित्रातले चित्र काटेकोर बायझंटाइन, तर डोक्यावरचा देवदूत उघडपणे इटालियन. याला गोंधळ किंवा ऱ्हास म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. दोन्ही पद्धती हाताला पक्क्या बसलेल्या माणसानेच हे करावे.

आम्ही फ्रान्सिसला हात लावण्यास नकार दिला आणि फक्त पिवळे पडलेले जुने वार्निश उतरविण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. वार्निश निघाल्यावर मालकाची खरी पंचाईत झाली. मरियेच्या डोक्यावर पारंपरिक घट्ट टोपीऐवजी आरपार दिसणारी तलम ओढणी होती, आणि अंगावरचे वस्त्र छातीपाशी सोन्याच्या चापाने जोडलेले होते. क्रीटचाच चित्रकार निकोलाओस त्झाफुरिस याच्या नावाशी जोडला जाणारा हा मरियेचा प्रकार मुळात इटालियन नमुन्यांवर बेतलेला आहे. म्हणजे ज्या अर्ध्या चित्राच्या शुद्धतेसाठी दुसरे अर्धे खरवडायचे होते, तेही शुद्ध नव्हते. मालकाने बराच वेळ दोन्ही चेहरे भिंगातून पाहिले आणि मग काहीसे चिडून विचारले, "मग यात बायझंटाइन उरले तरी काय?" आमच्या प्रमुख बाईंनी मरियेच्या गालावरच्या पांढऱ्या रेघांकडे आणि त्यांच्याखालच्या हिरवट थराकडे बोट दाखविले, आणि अहवालात लिहिले : क्रीट, पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध, दोन्ही आकृत्या एकाच वेळच्या.