लिंबाचं संग्रहालय करायचं तर

रविवार, रात्री साडेनऊ

स्पेनमधल्या बुरियाना या गावात खास संत्र्याचं संग्रहालय उभारलं गेलं, त्याबद्दल आज दुपारभर वाचत बसले. पूर्वी तिकडून संत्री परदेशी जायची ती एकेक फळ छापील पातळ कागदात गुंडाळून. ते कागद, पेट्यांवरची रंगीत लेबलं, अवजारं, सगळं जपलंय. आपल्या गिरणाकाठच्या लिंबाचं काय जपलं आपण? गोणी शिवली, गाडीत टाकली, झालं. वाईट वाटलं खरंच.

मूळ तर आपल्याच बाजूचं. आसाम, उत्तर म्यानमार आणि युनान या पट्ट्यात लिंबूवर्गीय झाडं उपजली, असं २०१८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून मांडलं गेलं. पपनस, महाळुंग (लिंबाच्या कुळातलं जाड सालीचं मोठं फळ), मँडरिन संत्रं ही जुनी घराणी. ओळखीची बरीचशी फळं त्यांच्या सोयरिकीतली. आपल्या कागदी लिंबाचा बाप महाळुंग. नानांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच ना?" हो, तेच. उजव्या खालच्या हातात. मला हे फार मोठं वाटलं. देवीच्या हातातल्या फळाचं नातं आमच्या बांधावरच्या झाडापर्यंत पोचतं.

पण मन अडकलं ते एका झाडात. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला एलायझा टिबेट्स यांनी १८७३ मध्ये ब्राझीलकडच्या बिनबियांच्या नेव्हल संत्र्याची झाडं लावली. बी नाही, म्हणजे वाढवायचं ते डोळे भरूनच, फांदीवरचा डोळा दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवून. त्यांतलं एक झाड अजून जिवंत आहे. मुळं खराब झाली तेव्हा १९१८ मध्ये भोवती नवी रोपं लावून त्यांचे शेंडे त्याच्या खोडात बसवले. नवी मुळं, जुना माथा. आता त्यावर कीडप्रतिबंधक जाळीही आहे.

संध्याकाळी नाना विहिरीजवळच्या लिंबापाशी बसले होते. डिंक्या लागलाय त्याला, खोडातून डिंक गळण्याचा रोग. नानांनी चाकूने डिंक खरवडला, खालची तपकिरी साल हिरवी लागेपर्यंत काढली, मग बोर्डो पेस्ट लावली: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पाणी खोडाला टेकू नये म्हणून दुहेरी आळंही केलं. मी रिव्हरसाइडच्या झाडाची हकिगत सांगितली. माय ओट्यावरून म्हणाली, "झाडले इतला जीव कोन लावस?" नाना काही बोलले नाहीत, पण हात थांबवून ऐकत होते. मग म्हणाले, जंबेरी लिंबाची दोन-चार रोपं आणू, बघू जमतं का.

जंबेरी! फळ बाजारात कोणी विचारत नाही, पण मोसंबीपासून संत्र्यापर्यंत कितीतरी बागा तिच्या खुंटावर, म्हणजे तिच्या रोपांवर कलम करून, उभ्या आहेत. आपल्याकडे संग्रहालय झालंच तर कागद आणि पेट्या असू द्याव्यात, पण आधी जमीन हवी. महाळुंग, पपनस, जंबेरी, राहुरी विद्यापीठाचं साई सरबती लिंबू, सगळं ओळीने लावलेलं. पाणी तोडून झाडाला ताण कसा द्यायचा, हस्त बहार (पावसाळ्याअखेरची फुलं) कसा धरायचा, डोळा कसा भरायचा हे म्हाताऱ्या माळ्यांनी पोरांना दाखवावं. लेबलं मागाहून लावता येतील. हे माळी आज साठी-सत्तरीत आहेत, म्हणून मला घाई वाटते.