एव्हबरी पॅरिशची नोंद: उभे नसलेले दगड

मागच्या नोंदीत सिल्बरी हिल ही माणसांनी रचलेली टेकडी आणि वेस्ट केनेटचं लांबट थडगं आटोपलं होतं. आता खुद्द एव्हबरी गाव आणि तिथलं उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ. इंग्लंडच्या विल्टशरमधल्या या छोट्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात) येणारी बहुतेक मंडळी उभे दगड बघतात, फोटो काढतात, चहा पितात आणि परत जातात. मला हल्ली जे दगड उभे नाहीत त्यांचंच वेड लागलंय. बाहेरच्या वर्तुळात मुळात शंभराच्या आसपास दगड होते. आज त्यातले थोडेच जागेवर आहेत. बाकीचे गेले कुठे? बरेचसे गावातच आहेत, भिंतींमध्ये.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. वर्तुळाचा व्यास सुमारे 330 मीटर. आत दोन लहान वर्तुळं, बाहेरून खंदक आणि बांध. खंदक मुळात नऊ मीटरपर्यंत खोल होता, आणि तो खोदला हरणांच्या शिंगांनी. काळ साधारण इ.स.पू. 2850 ते 2200. गावाचा बराच भाग या वर्तुळाच्या आत आहे आणि डांबरी रस्ता सरळ त्याला कापत जातो. स्विंडनहून येणारी बस तर पबच्या दारातच सोडते. (बसमध्ये मागच्या सीटवर कोकणीत गप्पा चालल्या होत्या. स्विंडनमध्ये गोवेकर भरपूर, त्यामुळे नवल नाही, पण कान सुखावले.)

आता दगडफोडीकडे. 14व्या शतकात गावकऱ्यांनी बरेच दगड खड्डे खणून पुरले. त्याच उद्योगाशी जोडलेला एक सांगाडा 1938 मध्ये एका दगडाखाली सापडला. सोबत चांदीची नाणी, कात्री आणि एक टोकदार लोखंडी हत्यार, म्हणून त्याचं नाव पडलं न्हावी-वैद्य. दगड अंगावर पडून मेला असं अनेक वर्षं सांगत. पुढच्या तपासणीत तसा पुरावा मिळाला नाही. लंडनवरच्या बाँबहल्ल्यात नष्ट झाला असं धरलेला हा सांगाडा 1990 च्या दशकाच्या शेवटी पुन्हा हाती लागला.

पुरलेले दगड निदान शाबूत राहिले. खरा घात झाला 17व्या-18व्या शतकांत. प्राचीन अवशेषांचा अभ्यासक विल्यम स्टकली 1720 च्या दशकात इथे येऊन बसला होता आणि त्याने सगळा प्रकार लिहून ठेवलाय. दगडाखाली खड्डा काढायचा, पेंढा भरून पेटवायचा, दगड तापला की त्यावर थंड पाण्याची रेघ ओढायची आणि त्या रेघेवर घण घालायचे. इथले उभे दगड सार्सनचे. सार्सन हा वाळूचा अतिकठीण दगड, एरवी छिन्नीला दाद देत नाही. पण असा तापवला की उभा चिरतो.

भिंत वाचायची ती याच्याच आधारे. हाय स्ट्रीटवरच्या भिंतींत करड्या सार्सनच्या शेजारी गुलाबी-तांबूस झाक असलेले तुकडे दिसतात. तो रंग आगीचा. अशा तुकड्याची एक बाजू सपाट, कडा धारदार. दुसरी बाजू मात्र जुनी, खडबडीत, खळग्यांची, म्हणजे हजारो वर्षं ऊन-पाऊस खाल्लेली मूळ कातडी. एकाच दगडावर दोन्ही बाजू मिळाल्या की दिवस सार्थकी लागतो. या घरांना हिवाळ्यात ओल येते आणि सामान कुजतं, अशी कुरकूर स्टकलीनेही नोंदवली आहे.

सगळ्यात मजेशीर इमारत म्हणजे वर्तुळातलं छोटं चॅपल. 1665 च्या कायद्याने राज्यधर्माबाहेरच्या धर्मोपदेशकांना नगरांच्या पाच मैलांच्या आत यायला बंदी केली. मार्लबरो, कॅल्न, डिव्हायझेस, तिन्हीपासून एव्हबरी पाच मैलांच्या पलीकडे. म्हणून ही मंडळी इथे जमू लागली आणि प्रार्थनाघर बांधलं ते फोडलेल्या सार्सनचं. म्हणजे कायद्याने हाकललेल्यांनी आसरा घेतला, तो कोणाच्या तरी त्याहून जुन्या देवस्थानाचे दगड घेऊन. यात मला कोणाची बाजू घेता येत नाही.

पॅरिशचं सेंट जेम्स चर्च वर्तुळाच्या बाहेर, खंदकापलीकडे. हे मुद्दाम केलं असावं असं माझं मत, पुरावा मागू नका. आत गेल्यावर घाई करू नका. वर भिंतीत गोल खिडक्या दिसतात त्या सॅक्सन काळातल्या, म्हणजे 1066 च्या नॉर्मन विजयाच्या आधीच्या. खाली बाप्तिस्म्याचं नॉर्मन दगडी कुंड. त्यावर हातात दंड घेतलेला बिशप आणि वेटोळे घातलेले ड्रॅगन. कोरीव काम ओबडधोबड आहे, आणि म्हणूनच मला आवडलं.

रेड लायन पबबद्दल फार लिहीत नाही, कारण गर्दीत धड बसता आलं नाही. 17व्या शतकातलं गवती छपराचं शेतघर, पुढे घोडागाड्यांचा थांबा. आत विहीर आहे, तिच्यावर काच टाकून टेबल केलंय. काचेवर ग्लास ठेवून खाली डोकावलं की पोटात गोळा येतो. भुताची गोष्ट बारमध्ये विचारा, सांगतील. जेवण यथातथाच.

दगड पुन्हा उभे करण्याचं श्रेय अलेक्झांडर काइलरला. मुरंब्याच्या धंद्यातून आलेला पैसा त्याने 1930 च्या दशकात इथे ओतला. पुरलेले दगड काढून उभे केले, आणि जे उरलेच नव्हते त्यांच्या जागी काँक्रीटचे खुंट लावले. मला हे खुंट उभ्या दगडांपेक्षा प्रामाणिक वाटतात. मात्र त्याने वर्तुळातली काही घरंही पाडली, हे माहितीफलक जरा दबक्या आवाजात सांगतात. 1943 मध्ये त्याने ही जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला 12,000 पौंडांना विकली.

राहिलेलं: ओव्हरटन हिलवरचं सँक्चुअरी हे आणखी एक प्राचीन वर्तुळ (तिथेही आता फक्त खुंटच), बेकहॅम्प्टनचे ॲडम आणि ईव्ह हे दोन दगड, आणि फाइफील्ड डाउन, जिथे न हललेले सार्सन गवतात विखुरलेले आहेत. फाइफील्डला चिखल फार, तेव्हा उन्हाळ्यात. त्या बाजूच्या जुन्या शेतभिंती कोणी पाहिल्या असतील तर तांबूस तुकडे दिसले का ते कळवा.