मेंढ्यांची नोकरी

आईला इंग्लंड दाखवायचं म्हणून ॲस्टन रोवंटला नेलं. ऑक्सफर्डशरमधला खडूचा डोंगर, निसर्गासाठी राखून ठेवलेला. एम-४० महामार्ग त्याला मधोमध चिरत गेलाय, त्यामुळे पाखरांपेक्षा ट्रकच जास्त ऐकू येतात. वर तांबड्या घारी. १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून या भागात सोडली, हे मी कौतुकाने सांगितलं. "घारी बाहेरून मागवल्या?" एवढंच ती म्हणाली.

पाऊलवाट पांढरीशुभ्र. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या सूक्ष्म जिवांच्या कवचांची. मी एक खडा उचलला, तर आई म्हणाली, "खा आता. पाटीवरची पेन्सिल तरी कुठे सोडलीस!" मग तिने वाकून एक इवलं पान चुरगळलं आणि हात माझ्या नाकाशी धरला. रानथाइम. ओव्याचा वास! इथली माती इतकी पातळ नि निकस, की कुठलंच गवत शिरजोर होत नाही. एका चौरस मीटरमध्ये ४० जातीसुद्धा सापडतात. मात्र कुणीतरी सारखं चरत राहायला हवं. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये सशांची साथ आली, ससे पटापट मेले आणि असे कितीतरी उतार झुडपांनी गिळले. म्हणून आता मेंढ्या मुद्दाम आणून चारतात. मेंढ्यांना नोकरीच म्हणायची.

"आपल्याकडे नाही का यायचे धनगर," आई म्हणाली. यायचे की. सुगी संपली की आजोबा निरोप धाडायचे, मग फलटणकडून वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, यायचा. घोड्यावर बाडबिस्तरा, त्यातच कोंबड्या, त्यातच एखादं पोर. संध्याकाळी मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लागायची, रात्रभर मेंढ्या रानात बसायच्या, सकाळी लेंड्यांच्या खताचा थर. मोबदल्यात आजी धान्य मोजून द्यायची. कोकरू मांडीवर घ्यायला मिळावं म्हणून मी पहाटे उठायचो. एरवी मला उठवायला तांब्याभर पाणी लागे. आणि ती कुत्री! त्यांना मी अजून भितो.

इथल्या मेंढ्यांकडे बघत आईने विचारलं, "यांना कुणी हाकलत नाही?"

नाही. आपल्याकडे मात्र वनखात्याच्या कुंपणाआड मेंढरू गेलं की दंड. आणि ज्या माळांवर ती पिढ्यान्‌पिढ्या चरली, त्यांतले कितीतरी सरकारी नकाशात आजही 'पडीक' आहेत. पडीक म्हटलं की झाडं लावायला, कारखान्याला, सौर पॅनेलला, कशालाही देता येतात.