पेंडलटनची परेड आणि फोटोखालची एक ओळ

सप्टेंबर कधीच सरला पण त्या फोटोखालची ओळ डोक्यातून जात नाहीये, म्हणून शेवटी लिहायला बसले.

मी अमेरिकेत, ओरेगनमधल्या पोर्टलंडजवळ राहते, फ्रीलान्स फोटोग्राफी करते. इथून कोलंबिया नदीच्या काठाकाठाने पूर्वेला साडेतीन तास गाडी हाणली की पेंडलटन लागतं. जेमतेम 17 हजार वस्तीचं गाव, चहूकडे कापणी झालेली गव्हाची शेतं. दर सप्टेंबरात तिथे राउंडअप म्हणजे मोठा रोडिओ, उधळणारे घोडे-बैल काबूत आणायच्या काउबॉय खेळांची स्पर्धा भरते, 1910 पासून, आणि त्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी निघते वेस्टवर्ड हो परेड. तिचा नियम कडक आहे, इंजिनवर चालणारं काहीही आत येणार नाही. जे काही आहे ते घोड्यावर, खेचरांच्या किंवा बैलांच्या गाडीत, नाहीतर पायी. लोखंडी धावांची चाकं डांबरावरून जातात तेव्हा तो खडखडाट पोटात जाणवतो आणि बाजूच्याशी बोलणंच बंद होतं.

बाहेरच्यांना वाटतं परेडचे फोटो म्हणजे सोपं काम, रस्त्याकडेला उभं राहायचं आणि बटण दाबायचं. अहो, खरी लढाई टोपीशी असते! सकाळी दहाचं ऊन, पूर्व ओरेगनचं कोरडं स्वच्छ आभाळ, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी, म्हणजे नाकापर्यंत काळीकुट्ट सावली. चेहऱ्यासाठी एक्सपोजर धरलं तर पांढरी टोपी जळते, टोपी वाचवली तर माणूस गायब. फ्लॅश मी वापरत नाही, कोणी वापरला तर मला राग येतो, घोडा बिचकला तर कडेला बसलेली पोरं आहेत समोर. मग उपाय एकच, आदल्या दिवशी जाऊन ऊन कुठून येतं ते बघून ठेवायचं, ते स्वारांच्या तोंडावर येईल अशी बाजू पकडायची आणि फुटपाथच्या कडेला जमिनीलगत बसायचं, म्हणजे टोपीच्या खालचे डोळे मिळतात. आणि घोड्याचा पुढचा पाय उचललेला आणि कान पुढे पाहिजेत, कान मागे पडलेला घोडा फोटोत चिडका दिसतो, घोडेवाले लोक ते एका नजरेत ओळखतात आणि मग तुमच्या बाकीच्या फोटोंवरही विश्वास ठेवत नाहीत.

पण सगळ्यात अवघड काम नावांचं. रोडिओच्या कोर्टातल्या, म्हणजे त्या वर्षीची राणी आणि राजकन्या म्हणून निवडलेल्या मुलींची नावं आयोजकांकडून आधीच हातात पडतात. बाकी स्वार समोरून निघून जातात आणि त्यांच्यामागे पळता येत नाही. म्हणून मी परेड संपायच्या आधीच शेवटच्या टोकाला जाते, जिथे लोक उतरून घोड्यांना पाणी दाखवतात, आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो दाखवून वहीत नाव लिहून घेते. हे फार थोडे फोटोग्राफर करतात. तरुण मुलं तर कार्ड भरलं की थेट लॅपटॉप उघडून बसतात.

या परेडमध्ये युमाटिला, केयूज आणि वाला वाला या मूळ अमेरिकन जमातींचे स्वार असतात, त्यांचं रिझर्व्हेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेला प्रदेश, गावाला लागूनच आहे. 1855 च्या करारात या तिन्ही जमातींची 64 लाख एकर जमीन गेली. तरी राउंडअपला ते पहिल्या वर्षापासून येतात. यंदा त्यांच्यातल्या एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, घोड्यावर ताठ. घोड्याच्या छातीवरचा पट्टा पूर्ण मण्यांचा, गुलाबाची फुलं, कडेला निळा रंग. ऊन बरोबर चेहऱ्यावर, कान पुढे, सगळं जुळलं. शेवटी गाठून फोटो दाखवला तर त्यांनी आधी स्वतःकडे बघितलंच नाही, पट्टा नीट आलाय का ते बघितलं. तो त्यांच्या आजीने केलेला. मग विचारलं, "खाली काय लिहिणार?" म्हटलं तुमचं नाव, आणि पट्टा कोणी केला ते. त्यांनी दोन्ही नावं, स्वतःचं आणि आजीचं, एकेक अक्षर सांगून लिहून घ्यायला लावली, वही हातात घेऊन तपासली. ती नावं इथे देत नाही, त्यांनी ती पेपरसाठी दिली होती.

पेपरात फोटो मोठा छापून आला. खाली, "पारंपरिक वेशातील एक स्वार." शेजारी कोर्टातल्या मुलींचा फोटो, त्यांची नावं गावांसकट. मी फाईलमध्ये कॅप्शन पूर्ण भरलं होतं, मेलमध्येही वेगळं पाठवलं होतं. डेस्कवर विचारलं तर उत्तर आलं, जागा नव्हती. मुलींच्या गावांना जागा होती!

आणि हे त्या गावात व्हावं! ली मूरहाउस नावाचा माणूस, आधी याच रिझर्व्हेशनचा सरकारी एजंट, शंभर वर्षांपूर्वी काचेच्या प्लेटांवर हजारो फोटो काढून गेला, या जमातींच्या लोकांचेही. 1911 च्या राउंडअपमध्ये उधळत्या घोड्यावर बसायच्या फायनलला जॉर्ज फ्लेचर हा काळा स्वार लोकांच्या मते जिंकला होता, पंचांनी बक्षीस गोऱ्या जॉन स्पेनला दिलं, तेव्हा शेरीफ टिल टेलरने फ्लेचरची टोपी कापून तुकडे लोकांना विकले आणि पैसे त्याला दिले अशी गोष्ट सांगतात. आज डाउनटाउनमध्ये फ्लेचरचा ब्राँझचा पुतळा आहे. कोणाचं नाव राहतं आणि कोणाचं जातं हे या गावाला कोणी शिकवायची गरज नाही.

आपल्याकडेही तेच. वारीचे फोटो दरवर्षी बघते, पावसात भिजलेली म्हातारी, डोक्यावर तुळस, खाली "भक्तीत तल्लीन वारकरी". तिला कोणी विचारलेलं नसतं, बाई तू कुठली, नाव काय तुझं. संपादकांना वाटतं नाव नसलं की फोटो सगळ्यांचा होतो. मला हे अजिबात पटत नाही. तो त्या बाईचा फोटो आहे.

दोन मेल आणि एका फोननंतर ऑनलाइन आवृत्तीत आजींचं नाव आलं. त्यांच्या आजीचं नाही आलं. छापील अंक तर गेलाच, आणि त्यांनी बहुतेक तोच घेतला असणार. मी मोठी प्रिंट काढलीये, मॅट पेपरवर, खाली दोन्ही नावं छापून. पोस्टाने पाठवू का स्वतः जाऊन देऊ हे ठरत नाहीये. गेले तर त्या विचारतीलच. पुढच्या वर्षीचं काम त्याच पेपरने आत्ताच विचारलंय. मी कळवलंय की नावं कापणार नाही असं लेखी द्या, मग येते. अजून उत्तर नाही.