त्याला सांगू नका

मॉर्फिनची, म्हणजे जबर दुखण्यावरच्या औषधाची, ऑर्डर 'एसओएस' (गरज पडली तर द्या) असली की डॉक्टर लिहून मोकळे होतात, आणि कधी द्यायचं, द्यायचं की नाही हे येतं ड्युटीवरच्या नर्सच्या गळ्यात. पुस्तकात एथिक्सचा अख्खा चॅप्टर आहे, पण तिथे पेशंटचा मुलगा बेडला खेटून उभा नसतो.

आजींचा कॅन्सर हाडांत पसरलेला, ट्रीटमेंट बंद, आता फक्त त्रास कमी करायचा असं ठरलेलं. दुपारी कूस बदलायची होती, त्याआधी इंजेक्शन द्यावं म्हणून गेले तर मुलगा म्हणाला, सिस्टर आज ते झोपेचं इंजेक्शन नको, ताई निघालीये, संध्याकाळी पोचेल, आई तिच्याशी दोन शब्द तरी बोलू दे. म्हटलं अहो हे झोपेचं नाही, दुखण्याचं आहे. तर म्हणे याने श्वास बंद पडतो.

आता त्याची भीती अगदीच खोटी नाही. डोस जास्त झाला तर श्वास मंदावतोच, म्हणून तर आधी पूर्ण मिनिटभर श्वास मोजतो, पेशंट हाकेला ओ देतोय का बघतो. आजींचे 20 होते. पण थोड्यापासून सुरू करून दुखण्याच्या मापाने वाढवलेल्या डोसने माणूस दगावत नाही. सिसिली सॉन्डर्स, ज्यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटचा त्रास कमी करणारी संस्था) सुरू केलं (त्याही आधी नर्सच होत्या बरं का), त्या सांगत राहिल्या की दुखणं उसळायची वाट बघू नका, ठरलेल्या वेळी औषध द्या. तरी ही भीती जात नाही, स्टाफमध्येसुद्धा.

आजींना विचारलं, दुखतंय का? त्यांनी आधी मुलाकडे बघितलं मग म्हणाल्या, नको, राहू दे. हे बोलताना चादर मुठीत घट्ट धरलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली.

चादर बदलायचीये म्हणून मुलाला बाहेर पाठवलं आणि परत विचारलं. तेव्हा म्हणाल्या, "दे गं बाई. पण त्याला सांगू नको."

ड्युटी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले पेशंट शुद्धीत आहे ना, मग तिचं ऐका. मॉर्फिन कुलपातलं औषध, रजिस्टरला वेळ, डोस, दोघींच्या सह्या, त्यामुळे लपवाछपवी तशीही होत नाही. अडीच मिलिग्रॅम त्वचेखाली दिलं, थोडं थांबून मग कूस बदलली.

मुलाने विचारलंच, काही दिलंत का? खोटं बोलायचं नव्हतं आणि आजींचा शब्दही मोडायचा नव्हता. म्हटलं, त्यांना विचारूनच सगळं करतेय, तुम्ही त्यांच्याशीच बोला. तो काही बोलला नाही, पण समजला असणार.

ताई आल्या तेव्हा आजी गुंगीत होत्या पण जागवल्यावर ओळखलं, गाडीत बसायला जागा मिळाली का विचारलं आणि उत्तर यायच्या आत परत डोळा लागला. मुलाने माझ्याकडे असं काही बघितलं की मी सलाईन तपासायला लागले.

ड्युटी संपताना हँडओव्हरला सीनियर सिस्टर म्हणाल्या, मुलाला सांगायला हवं होतंस, उद्या फाईल मागितली तर आपल्यावर येईल. म्हटलं येऊ दे, फाईलमध्ये आजींचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंय. यावर आमचं आजही पटत नाही.