हिरवं झाड उभ्या उभ्या मान टाकतं तेव्हा

"कोकणात टोमॅटो होतच नाही का हो? आमची रोपं फुलावर येतात आणि दोन दिवसांत मरतात." गुहागरला आमच्या परसात जानेवारीत लाल टोमॅटो लगडलेले दिसले की पाहुणे हे विचारतातच. माझा भाचा हिमाचलात सोलनला नोकरीला आहे. तो उलटं विचारतो, "मावशी, इथे थंड डोंगरातसुद्धा होतो, मग तुझ्याकडे काय अडतं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोलनला थंडीचा कडाका सरेपर्यंत थांबतात, वसंतात रोपं लावतात आणि ऐन पावसाळ्यात टोमॅटो बाजारात पाठवतात. आपल्याला थांबायचं असतं ते पाऊस सरेपर्यंत. मृगावर बी टाकलंत तर रोप जगत नाही. मी गणपती झाले की करवंट्यांना भोक पाडून त्यांत बी टाकते आणि पडवीत ठेवते. महिन्याभराने, दसरा-दिवाळीच्या सुमारास, रोपं बाहेर लावते. टोमॅटोला फळ धरायला थंड रात्र लागते आणि ती आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतच मिळते. एप्रिलमध्ये रात्रीसुद्धा उकडतं, तेव्हा फुलं येतात आणि गळून जातात.

पण खरी अडचण मातीत आहे. पहिली दोन वर्षं माझीही रोपं गेली. पान पिवळं नाही, कीड नाही, हिरवंगार झाड दुपारी मान टाकायचं, संध्याकाळी जरा सावरायचं आणि तिसऱ्या दिवशी संपायचं. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी आणखी शिंपलं. त्या पाण्याबरोबरच रोग शेजारच्या आळ्यात गेला. ही मर, रालस्टोनिया नावाच्या जिवाणूची. तो मुळातून शिरतो आणि झाडाची पाणी वर नेणारी नळीच तुंबवतो. तुमच्याकडे तोच आहे का हे घरी बघता येतं. मेलेल्या झाडाचा बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टांगून धरा. काही मिनिटांत दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर तीच मर. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

दमट, उबदार, आंबट माती त्याला मानवते. आपल्याकडे 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मातीतला चुना धुपून जातो, आणि जांभ्याची माती आंबटच राहते. हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतो. वांगी, मिरची, बटाटा यांनाही तो धरतो, म्हणून वांग्याच्या जुन्या वाफ्यात टोमॅटो लावणं म्हणजे रोप मरणाच्या दारात नेऊन ठेवणं. औषध फवारून तो जात नाही. झाड मुळासकट उपटून जाळायचं आणि त्या जागी निदान तीन-चार वर्षं भेंडी, चवळी, मुळा असं काही घ्यायचं.

मी जमिनीत लावणंच सोडलं. खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन घेते, तळाला भोकं पाडते, आणि भातखाचरातली माती, कुजलेलं शेणखत आणि काथ्याचा भुसा भरते. खाचरात पाणी साठून राहतं, तिथे या जिवाणूचा जोर कमी होतो. गोणीमागे मूठभर चुना लावणीच्या पंधरा दिवस आधी मिसळते. गोण्या जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवायच्या, अंगणातलं पाणी आत शिरता कामा नये. बियाणं अर्का रक्षकचं, बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं. मर, करपा आणि पानं आकसणारा विषाणू, तिन्हींना ते दाद देत नाही. मात्र ते संकरित आहे, घरचं बी धरून चालत नाही, दर वर्षी विकत घ्यावं लागतं.

पाणी सकाळी, बुडाशी, रोज सारखं. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी भरपूर असं झालं की फळाचं बूड काळं पडतं. काठीला सुंभाने सैल बांधा.

सारासाठी आमसूल आपल्याकडे आहेच. पण झाडावरच पिकलेला टोमॅटो मीठ लावून खाल्ला की बाजारातला नको वाटतो. यंदा माझ्या चौदा गोण्यांतल्या दोन गेल्या, बारा उभ्या आहेत. पुढच्या दसऱ्याला या, करवंटीतली चार रोपं देते.